पोकेमॉन गो: तिघांत लुगिया पडत नाही, चुकतंय कुठं? (आणि गावाकडच्यांनी ग्रुप रेड करायच्या तरी कशा)

कृष्णाकाठचा_गडी (रविवार रात्री)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावापासून सात किलोमीटर आत राहतो. गावात जिम (गेममधली लढायची जागा) एकच, मारुतीचं देऊळ, आणि दोन स्टॉप (बॉल वगैरे मिळायच्या जागा), त्यातला एक वाचनालय जे उघडं मी तरी कधी बघितलं नाही. पोकेमॉन गो २०१६ च्या डिसेंबरात भारतात अधिकृत आला तेव्हापासून खेळतोय, मधे दोन वर्षं बंद होतं.

आता मुद्दा. गावात खेळणारे आम्ही तिघं. मी, माझा चुलतभाऊ आणि देवळासमोरच्या मेडिकलमधला पोरगा. आज दुपारी जिमवर रेडचं (सगळ्यांनी मिळून एक बॉस पाडायची लढाई) अंडं फुटलं, आत लुगिया, ४५ मिनिटं हातात, तिघंही हजर, म्हटलं आज घेऊनच जायचा. पहिल्या डावात शेवटी लाल पट्टी उरली नखाएवढी आणि टाइम संपला. दुसऱ्या डावात जरा जास्त उरली. तिसऱ्याला मेडिकलवाल्याकडं गिऱ्हाईक आलं, तो म्हणाला "दोन मिनिटं" आणि गेला तो गेलाच, आम्ही दोघं येड्यासारखं स्क्रीन बडवत बसलो. वरनं भुरभुर पाऊस, एका हातात छत्री, फोन असला तापलेला की पोळी भाजावी. देवळातले अण्णा विचारून गेले "कुणाची वाट बघताय रे पोरांनो", आता त्यांना काय सांगायचं.

डोक्यात किडा असा पडलाय की मे महिन्यात ह्याच तिघांनी ह्याच देवळासमोर रेक्वाझा पाडला होता, मिनिटभर शिल्लक ठेवून! तोही पाच स्टार, हाही पाच स्टार. मग एवढा फरक कसा? का गेम मुद्दामच असं बनवलाय की दहा-बारा जण असल्याशिवाय हातच लावायचा नाही? आणि तसं असेल तर माणसं बघून बॉसची ताकद कमीजास्त का करत नाहीत, तिघं आले तर तिघांपुरता बॉस द्यायचा, साधं आहे की. जायगँटामॅक्सचं (अवाढव्य बॉस, पाडायला गर्दीच लागते) तर नावच नको, अख्ख्या पंचक्रोशीतनं तेवढी माणसं निघायची नाहीत.

माझी टीम सांगून ठेवतो, रायपेरियर दोन, टायरॅनिटार दोन, अ‍ॅग्रॉन एक (गेमनंच सुचवला) आणि एक मॅग्नेझोन. बाकी दोघांचं पण असंच काहीतरी.

ठाण्याचा_मॅग्नेमाइट (रविवार रात्री)

भाऊ, पहिली गोष्ट, पाच स्टार म्हणजे कठीणपणा नाही. स्टारावरून बॉसची एचपी (म्हणजे जीव किती) आणि वेळ ठरते. साध्या पाच स्टार लेजेंडरीची १५००० आणि वेळ ३०० सेकंद, लुगिया असो नाहीतर रेक्वाझा. म्हणजे सगळ्यांनी मिळून सेकंदाला ५० डॅमेज काढायचं, तिघं असाल तर डोई साधारण १७. समोर दोघं आहेत की वीस हे गेम बघतच नाही, १५००० ते १५०००.

खरा खेळ डिफेन्सचा आहे, तो ज्याचा त्याचा वेगळा. लुगियाचा बेस डिफेन्स ३१०, रेक्वाझाचा १७०. आयव्हीचे (प्रत्येकाचे जन्मजात जादा गुण) पंधरा पंधरा मिळवून भागाकार केला तर तुझा तोच फटका रेक्वाझावर जवळजवळ पावणेदोन पट लागतो. त्यात रेक्वाझा ड्रॅगन आणि फ्लाइंग, बर्फाला डबल वीक, २.५६ पट. लुगियाला कशानेही मार, १.६ च्या वर जात नाही. दोन्ही गुणलं तर फरक पडला पावणेतीन पटीच्या वर. उलट बाजूने रेक्वाझाचा अटॅक २८४ आणि लुगियाचा १९३, त्यामुळे रेक्वाझाकडे तुमची जनावरं पटापट पडतात आणि वाटतं की हा जास्त डेंजर आहे. पडतो मात्र तोच लवकर. लुगिया काही करत नाही, नुसता उभा राहतो भिंतीसारखा.

तू तिघांत त्याला लाल पट्टीवर आणलास म्हणजे तुमचं काही वाईट चाललेलं नाही, अगदी थोडक्यात गेलाय.

आता टीम. रायपेरियर काढ बाबा आधी! लुगियाकडे हायड्रो पंप असू शकतो, रायपेरियर रॉक आणि ग्राउंड, पाण्याला डबल वीक, एका फटक्यात आडवा. अ‍ॅग्रॉन पण काढ. गेम जी टीम सुचवतो ती जास्त वेळ जिवंत राहणाऱ्यांची असते, डॅमेज काढणाऱ्यांची नसते, या अ‍ॅग्रॉनवरून तर वर्षानुवर्षं जोक चालू आहेत. टायरॅनिटार राहू दे. बाकी सगळे इलेक्ट्रिक घे, रायकू, झेक्रॉम, मॅग्नेझोन, इलेक्टिव्हायर, जे असेल ते. पाऊस आहे ना तुमच्याकडे? गेममध्ये पावसाचं चिन्ह असेल तर इलेक्ट्रिकचे फटके २० टक्क्यांनी वाढतात. जून ते सप्टेंबर आपल्याला फुकटात मिळणारी गोष्ट आहे ही, आणि तुम्ही दगडं घेऊन गेलात.

कृष्णाकाठचा_गडी (सोमवार सकाळी)

च्यायला. पावसात उभा होतो आणि पावसाचा फायदा घेतला नाही. रायकू आहे एक, दोन इलेक्टिव्हायर आहेत, पॉवरअप केले नाहीत कारण स्टारडस्ट (ताकद वाढवायला लागते ती) सगळी रायपेरियरवर घातली.

वर्धेचा_बुलबासोर (सोमवार दुपारी)

गणित बरोबर आहे ठाणेकर भाऊचं पण मूळ प्रश्न राहूनच गेला नं. त्यानं विचारलं होतं की गावातल्यानं करायचं काय. त्याच्याकडे तीन जण तरी आहेत, इथं मी एकटाच खेळून राहिलो इतक्या वर्षांपासून. मला सांगा एकट्यानं कोणती टीम घ्यायची लुगियाला? कोणतीच नाही. म्हणजे माझा खेळ कच्चा आहे म्हणून मी हरत नाही, माझ्या गावात माणसं नाहीत म्हणून हरतो. याले डिफिकल्टी म्हणत नाहीत भाऊ, याले पिनकोड म्हणतात.

२०२० च्या एप्रिलमध्ये रिमोट पास (लांबच्या रेडमध्ये घरबसल्या शिरायचं तिकीट) आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण पण या गेममध्ये आहो. जपानच्या पोरांसोबत रेड केल्या मी रात्री उशिरा, आपल्या उत्तररात्री त्यांची सकाळ होते तर बरोबर जमून जायचं. मग २०२३ च्या एप्रिलमध्ये एका पासची किंमत १०० कॉइनवरून १९५ झाली आणि दिवसाला पाचचं लिमिट लागलं. लिमिटाचं मला काही नाही, पाच घेतो कोण, पण १९५? जिममधून दिवसाला जास्तीत जास्त ५० कॉइन मिळतात, म्हणजे रोज पूर्ण ५० काढले तरी एका पासला चार दिवस. आणि रेड संपायच्या आत जिंकलो नाही तर पास गेला तो गेला.

त्याआधी २०२२ मध्ये एलिट रेड आल्या होत्या, त्या जागेवर जाऊनच करायच्या. मग शॅडो रेड आल्या, सुरुवातीला त्या पण जागेवरच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जायगँटामॅक्स आले, तेव्हा एका वेळी ४० जण खेळू शकायचे म्हणे. ४०! आमच्या गावच्या ग्रामसभेला कोरम होत नाही.

त्यामुळे काही म्हणा, माणसं मोजून बॉस लहानमोठा करा हेच बरोबर आहे. एकट्याला थोडं कमी बक्षीस द्या, चालते. पण दार तर उघडा.

निवांत_काकू (सोमवार संध्याकाळी)

वर्धेच्या दादा, तुमचं दुखणं खरं आहे पण मी जरा उलट बोलणार आहे, रागावू नका.

मी कोथरूडला असते, वय एकोणसाठ, मुलाने फोनमध्ये घालून दिलेला गेम, तो कधीच सोडून गेला आणि मी राहिले. २०१७ च्या जूनमध्ये रेड आल्या, जुलैत पहिले लेजेंडरी आले त्यात लुगिया होता. मला अजून आठवतंय, बागेच्या गेटवर आम्ही अठरा जण, कोणी कोणाला ओळखत नाही, सगळ्यांचे अंगठे चालू. एका मुलाने मला सांगितलं काकू तुम्ही ब्लिसी घेऊन लढू नका हो ती नुसती मार खाते! तो मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे आणि आमच्याकडे गणपतीला येतो. आमचा सकाळचा फिरण्याचा जो ग्रुप आहे नऊ जणांचा तो सगळा त्या लुगियाने जमवलेला आहे. एकट्याने पडला असता तर मी घरी बाल्कनीतून पाडला असता आणि आत गेले असते.

हेही कबूल करते की अठरा जण असताना त्यात खेळ असा काही नव्हता. मिनिटभरात बॉस आडवा, मी टीमसुद्धा निवडली नव्हती, मजा होती ती नंतरच्या चहाची. पुढे लॉकडाउन उठल्यावर एकदा आम्ही मुद्दाम चौघंच गेलो आणि सहा सेकंद राखून जिंकलो तेव्हा मी फूटपाथवर अक्षरशः ओरडले, एक रिक्षावाला थांबला. मग मला वाटतं चौघांचा तो थरार सगळ्यांना मिळावा. पण बॉस आपोआप लहान झाला असता तर तो थरार कुठून आला असता?

कृष्णाकाठच्या गड्या, तुला एक साधं विचारते. तुम्ही तिघं गेममध्ये एकमेकांचे बेस्ट फ्रेंड आहात का? नसाल तर आजपासून रोज गिफ्ट पाठवा. ९० दिवस लागतात, पण एकत्र रेड करताना अटॅक १० टक्क्यांनी वाढतो. आधीच्या टप्प्यांना ३, ५ आणि ७ टक्के मिळतात. आणि पार्टी करून लढता का? चार जणांपर्यंत होते, एकमेकांच्या जवळ उभं राहावं लागतं, फास्ट अटॅक मारत गेलं की पार्टी पॉवर भरते आणि पुढचा चार्ज अटॅक दुप्पट लागतो. आमच्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांना हे बटण काय आहे तेच माहीत नव्हतं.

कृष्णाकाठचा_गडी (सोमवार रात्री)

काकू नमस्कार करतो तुम्हाला. पार्टीचं बटण मला वाटायचं ते नुसतं फिरायचं चॅलेंज असतंय. चुलतभाऊ बेस्ट फ्रेंड आहे, मेडिकलवाला गेममध्ये फ्रेंडच नाही. आठ वर्षं समोरासमोर बसतोय आम्ही. आता केला.

बर्फातला_स्नोरलॅक्स (मंगळवार पहाटे)

म्युनिकमधून लिहितोय, मूळचा नाशिकचा, रात्रपाळी आहे त्यामुळे लांबण लागलं तर माफी.

इकडे माणसांचा तुटवडा नाही, बुधवारी ६ ते ७ रेड अवर असतो तेव्हा चौकात पंचवीस-तीस जण सहज असतात. वैताग वेगळाच. लॉबीत (लढाईआधी जमायची खोली) जास्तीत जास्त वीस जण येतात, तेवढे भरले की बॉस मला नीट दिसायच्या आत संपतो. डिसेंबरमध्ये इथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, सहाला तर हाडं गोठलेली असतात, बोटं बाहेर काढायची, तीस सेकंद टॅप करायचं, परत खिशात. वर्धेचा माणूस म्हणतो दार बंद आहे, मी म्हणतो दार उघडं आहे पण आत काहीच नाही. दोघांची तक्रार एकच आहे. एकच ठोकळा बॉस एकट्याला डोंगर आणि वीस जणांना खडा.

पण लगेच स्केलिंग (माणसं बघून बॉस लहानमोठा) करा म्हणणाऱ्यांनी कन्सोलवरचे पोकेमॉन गेम बघा. स्वोर्ड आणि शील्डमध्ये २०१९ ला मॅक्स रेडमध्ये चार जागा असायच्या, माणसं नसली की गेम स्वतःचे गडी भरायचा. ते गडी इतके दिव्य असायचे की कोणी लेचापेचा सोलरॉक घेऊन यायचा! म्हणजे एकट्याला दार उघडं पण सोबत असले सवंगडी. नंतर स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये टेरा रेडला तीच पद्धत ठेवली, पण सात स्टारच्या रेड अशा कडक केल्या की उगाच तीन अनोळखी माणसं घेऊन गेलं तर हमखास हार, त्यापेक्षा एकटा नीट बिल्ड (त्या बॉससाठी ठरवून तयार केलेला गडी) घेऊन गेलेला बरा. तिथे उलटंच झालं, ग्रुप हीच अडचण.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं उदाहरण टेमटेमचं (पोकेमॉनसारखाच दुसरा गेम) आहे. मुळात लढाई दोन विरुद्ध दोन, आणि अख्खी कथा दोघांनी मिळून खेळता येते, प्रत्येकाने आपले तीन आणायचे. दुसरा आला म्हणून बॉस फुगवायची गरज नाही कारण सहाच्या जागी सहाच राहतात, फक्त डोकी दोन होतात. मग खरं बोलावं लागतं, तू याला झोपव, मी त्याला मारतो, असं.

पोकेमॉन गोमध्ये असं बोलायची वेळ कधी येते सांगा? साध्या रेडमध्ये नाहीच, वीस जण शेजारी शेजारी आपापली कपडे धुण्याची मशीन चालवतात. अपवाद दोन. एक म्हणजे शॅडो रेड. तिथे मोठा बॉस मधेच चवताळतो, अटॅक आणि डिफेन्स दोन्ही वाढतात, आणि शांत करायला प्युरिफाइड जेम लागतात आठ. पण एक माणूस एका रेडमध्ये पाचच वापरू शकतो. म्हणजे कितीही भारी असलास तरी एकट्याला तो शांत करायला जमणार नाही, आणि दोघं असाल तर आरामात. माझ्या मते या गेममधलं हे सगळ्यात डोकं लावून केलेलं काम आहे. माणूस हवा, पण एक हवा, चाळीस नकोत.

दुसरा अपवाद मॅक्स बॅटल, ज्यात पोकेमॉन अवाढव्य होऊन लढतात. कोणीतरी ढाल व्हायचं, कोणीतरी बरं करायचं (काकू, तुमची ब्लिसी इथे एकदम राणी आहे), कोणीतरी मारायचं. तिथे पहिल्यांदा वाटलं की हो, ही टीम आहे. अर्ध्या सेकंदाचे फास्ट अटॅक घेतले तर मोठं व्हायचं मीटर भराभर भरतं, हे कळल्यावर आम्ही चौघांनी जे बॉस काढले ते आधी आम्हा चौघांनाच जमले नव्हते. पण ते शिकायला चार माणसं आणि चार रविवार लागले, आणि गावातल्या माणसाला पहिला रविवारच मिळत नाही, हे वर्धेच्या भाऊंचं म्हणणं मला पटतं. जायगँटामॅक्सला तर शिकायला जागाच नव्हती, सुरुवातीला नुसती डोकी मोजली गेली.

वर्धेचा_बुलबासोर (मंगळवार सकाळी)

कपडे धुण्याची मशीन एकदम परफेक्ट. दोघांचा बॉस असावा हे मले मान्य आहे. दोन तर मी कसेही उभे करीन, मेव्हण्याले शिकवीन.

काकू, रागावलो नाही. तुमच्याकडे नऊ जण जमले कारण तुमच्या बागेच्या गेटवर अठरा होते, एवढंच म्हणतो.

निवांत_काकू (मंगळवार सकाळी)

हे मात्र खरं. उत्तर नाही माझ्याकडे.

ठाण्याचा_मॅग्नेमाइट (मंगळवार दुपारी)

गडी, बुधवारी रेड अवर आहे, लुगिया असेल तर तुमच्या त्या एकुलत्या जिमवर पण येईल बहुतेक. जाण्याआधी एवढं कर. कोणा एकाकडे मेगा (थोड्या वेळापुरतं जादा ताकदीचं रूप) मॅनेक्ट्रिक किंवा मेगा अ‍ॅम्फारोस असेल तर त्याने ती आणायची, ती मैदानात असेपर्यंत बाकीच्यांचे इलेक्ट्रिक फटके ३० टक्क्यांनी जास्त लागतात. पण ती लवकर पडली तर बोनस पण गेला, म्हणून कधी उतरवायची ते आधी बोलून घ्या. दुसरं, सहाही पडले की परत लॉबीतून आत यायला दहा-पंधरा सेकंद जातात, तेव्हा दुसरी टीम आधीच सेव्ह करून ठेव, त्या वेळी निवडत बसू नकोस. पावसात त्याचा हायड्रो पंप पण वाढतो हे लक्षात ठेव, टायरॅनिटार शेवटी ठेव. आणि मेडिकलवाल्याला दुकानातूनच खेळू दे, जिमपासून ८० मीटरच्या आत असला की झालं.

कृष्णाकाठचा_गडी (बुधवार रात्री)

झालं!!!

सगळं सांगतो. पाच वाजल्यापासनं पाऊस, गेममधेपण पावसाचं चिन्ह. स्टारडस्ट होती नव्हती ती सगळी दोन इलेक्टिव्हायरवर ओतली. भावाकडं मॅनेक्ट्रिक निघाली, मेगा एनर्जी पण होती, त्याला माहितीच नव्हतं ती कशाला असते. सहाला अंडं फुटलं. मी आणि भाऊ देवळाच्या पडवीत, मेडिकलवाला समोर काउंटरवर, पार्टी जमली, पहिल्यांदाच ते बटण दाबलं. देवळातले अण्णा आज येऊन शेजारीच बसले, म्हणाले दाखव काय आहे ते.

पहिला डाव, मॅनेक्ट्रिक भावानं पहिलीच उतरवली आणि ती मिनिटाच्या आत गेली. हरलो, पण पट्टी रविवारपेक्षा कमी उरली होती. दुसऱ्या डावाला ती तिसऱ्या नंबरवर ठेवली आणि दोघांनीबी मोठ्यानं बोलत खेळलो, मी पडलोय, मी आत आलो, आता दाब, असं. स्नोरलॅक्स भाऊ तुमची आठवण आली. शेवटची तीस सेकंद मी घड्याळाकडं बघितलंच नाही, अण्णाच मोजत होते वीस, एकोणीस, अठरा. नऊवर पडला.

मग बॉल. माझे सगळे संपले, शेवटचा एक्सलंट (अगदी नेमका) बसला तरी फोडून बाहेर आला, गेला पळून. भावाचा पण गेला. पकडला कोणी, तर मेडिकलवाल्यानं, तिसऱ्या बॉलला, आणि तो शेवटचं मिनिटभर लढतच नव्हता, एका आजीला बीपीच्या गोळ्या कापून देत होता.